श्वास कोंडून दम वाढतो का? भरतीच्या पोरी, मास्क, ओढणी आणि ८०० मीटर

पांदणवाट

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस भरतीच्या मुलींची सकाळची बॅच घेते. पोरी आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, कुणी सायकलने, कुणी बापाच्या गाडीवर मागे बसून. ग्राउंड झालं की घरी जाऊन डबा बांधतात आणि वेचणीला नाहीतर कॉलेजला निघतात.

अलीकडे बऱ्याच पोरी तोंडाला काळा ट्रेनिंग मास्क लावून पळून राहिल्या आहेत. वाल्व असलेला, ऑनलाइन मिळतो तो. एका अकॅडमीत त्यांना सांगितलं जातं की मास्कने फुफ्फुसं मोठी होतात, पहाडावर पळाल्याचा फायदा मिळतो, आणि भरतीच्या दिवशी मास्क काढला की ८०० आपोआप आउट ऑफ बसतं. ज्यांना मास्क परवडत नाही त्या ओढणीचे दोन-तीन पदर नाकातोंडावर आवळतात. वरून छाती हलू नये म्हणून एकावर एक दोन घट्ट ब्रा, नाहीतर कापडाचा पट्टा. वरून, खालून, सगळीकडून श्वास बांधलेला.

माझं मत आधीच सांगते. जीव तोडून पळायच्या सरावात मुलींचा श्वास अडवू नये. त्याने दम वाढत नाही, वेग मात्र मरतो. आणि आपल्या भागात काही पोरींच्या जिवाशीही खेळ होऊ शकतो.

हिशोब बघा. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलींचं ८०० मीटर २० गुणांचं, १०० मीटर १५ आणि गोळा १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारलं तर पूर्ण २०, पुढे टप्प्याटप्प्याने गुण गळतात. १०० मीटरला श्वासाचा प्रश्न फारसा येत नाही. गोळा फेकताना तर क्षणभर श्वास धरतोच आपण, त्यात वावगं काही नाही. पण ८०० मध्ये लागणाऱ्या ताकदीतली साधारण दोन तृतीयांश श्वासातल्या ऑक्सिजनवर तयार होते. बसलेल्या माणसाला मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा पुरते. तीच मुलगी शेवटच्या दोनशे मीटरला मिनिटाला शंभर लिटरच्या घरात हवा आतबाहेर करत असते. नेमकं तेव्हा नाकावर कापड!

आता बायकांची गोष्ट वेगळी का? एकाच उंचीचे मुलगा आणि मुलगी घेतले तरी मुलीची फुफ्फुसं जरा लहान असतात आणि मोठ्या श्वासनलिका त्याहून अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो, त्यामुळे थोड्याशा अरुंदपणाचीही मोठी किंमत मोजावी लागते. पूर्ण जोरात व्यायाम करताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला किती श्वासाच्याच स्नायूंना जातो, हे कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मोजलं. पुरुषांत ९ टक्क्यांच्या आसपास, स्त्रियांत जवळपास १४. तेवढा वाटा पायांना मिळत नाही. श्वासाला अडथळा वाढवला की तो वाटा आणखी वाढतो आणि मांड्या आधी भरून येतात. शिवाय सुदृढ, सराव असलेल्या तरुण मुलींपैकीही बऱ्याच जणींत पूर्ण जोरावर पळताना रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, हे विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं.

याचा अर्थ बाईचा दम कमी, असा कुणी काढू नये. श्वासपटल नावाचा जो मुख्य स्नायू, तो बायकांत पुरुषांपेक्षा उशिरा थकतो, हेही मोजलेलं आहे. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर पळाल्या, आणि 'हे त्यांना झेपत नाही' अशी ओरड होऊन ती शर्यतच बंद झाली ती थेट १९६० च्या रोमपर्यंत. बत्तीस वर्षं! झेपत नव्हतं असं काही नव्हतं. टिंटू लुकाने २०१० साली हेच अंतर १ मिनिट ५९.१७ सेकंदांत मारलं.

पहाडाचा मुद्दा. चिखलदऱ्यावर असो की हिमालयात, हवेत ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो, म्हणून रक्तात कमी ऑक्सिजन उतरतो. मास्क दाब कमी करत नाही, फक्त हवा ओढायला त्रास देतो. चिखलदरा साधारण ११०० मीटर. खेळाडू सरावाला जातात ते दोन हजार मीटरच्या वर, आणि तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. दिवसाचे बरेच तास विरळ हवेत काढले तर रक्तात फरक पडतो. सकाळी अर्धा तास तोंड झाकून नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठाने हेच तपासलं. सहा आठवडे जोरदार सायकलिंग, एक गट मास्कवाला, एक बिनमास्कचा. दोन्ही गटांचा दम वाढला, आणि सारखाच वाढला. फुफ्फुसांच्या क्षमतेत मास्कने काही भर पडली नाही.

माझ्या डोळ्यांसमोर होतं ते असं. मास्क लावलेली पोरगी ३:३० च्या चालीने पळते आणि घाम मात्र २:५० चा गाळते. पायांना २:५० ची चाल कळतच नाही.

तुमच्याकडे काय अनुभव? विशेषतः ज्या स्वतः पळतात त्यांनी लिहा.

बाभूळबन

ताई, माह्या पोरीचंच लिहिलं असं वाटलं. आमी घाटंजीकडचे. पोरगी सकाऊन पांदनीनं पयते, तोंडाले दुपट्टा बांधून. रस्त्यानं ट्रॅक्टर चालतात, मुरूम उडते. अन् दुसरी गोष्ट सांगतो, लोकं पाहतात. दुपट्टा बांधला का कोनाची पोरगी हाये थे समजत नाई, म्हनून थे मोकळ्या मनानं पयते. आता तुमी म्हनता काढा दुपट्टा. थे काढन कशी? अन् अकॅडमीवाल्यानं मास्क घ्या म्हनून सांगतलं हाये. घेऊ का नको?

पांदणवाट

दादा, मास्क घेऊ नका. त्या पैशात चांगले बूट नाहीतर पळायला ढंगाचे कपडे घ्या.

दुपट्ट्याचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि ते उडवून लावायचं नाही. घरून ग्राउंडपर्यंत, वॉर्म-अपच्या संथ पळण्याला दुपट्टा राहू द्या. तेवढ्या चालीला अडचण नाही. वेगाच्या फेऱ्या सुरू झाल्या की तो काढायचा. त्या फेऱ्या जास्तीत जास्त वीस-पंचवीस मिनिटांच्या असतात, तेवढ्यापुरती आडोशाची जागा शोधा: शाळेचं मैदान, कालव्याचा भराव, पीक निघालेलं वावर. आमच्याकडे चार बाया सोबत उभ्या राहतात. कुणाची आई, कुणाची काकू. त्या उभ्या असल्या की कुणी थांबून बघत नाही. मुरूम उडतो त्या रस्त्यावर मात्र वेगाने पळूच नये, दुपट्टा असो की नसो. शंभर लिटर हवेसोबत धूळही तेवढीच आत जाते.

लाल_माती

मॅडम, मान ठेवून सांगतो, पटलं नाही. मी तालमीत वाढलो, पोरं घडवली. कष्टाशिवाय दम येत नसतो. पोहणारे श्वास दाबून हात मारतात ते काय वेडे आहेत? माझ्या पोरांनी मास्क लावून एक सीझन काढला, सगळ्यांचा टायमिंग सुधारला. आणि कोरोनात कॅनडात प्रयोग झाला होता, सस्कॅचेवान विद्यापीठात. मास्क लावून दमेपर्यंत सायकल मारली, काहीच फरक पडला नाही. त्यात मुलीही होत्या. मग एकीकडे म्हणायचं मास्क अडवतो, दुसरीकडे फरक नाही. नक्की काय?

पांदणवाट

उस्ताद, बरं झालं हे काढलंत. तो प्रयोग २०२० चा. १४ जण, सात पुरुष, सात स्त्रिया. साधा कापडी आणि सर्जिकल मास्क, दोन्हींत थकेपर्यंतचा वेळ सारखाच आला. खरं आहे. पण दुसऱ्या एका प्रयोगात ३१ जणांना कापडी मास्क लावून ट्रेडमिलवर चढत्या वेगाने पळवलं, तेव्हा पळण्याचा वेळ १४ टक्क्यांनी घटला आणि कमाल ऑक्सिजन वापर २९ टक्क्यांनी. कापड किती जाड, किती घट्ट, घामाने ओलं झालं की नाही, पळणं की सायकल, यावर सगळं ठरतं. पातळ कोरड्या मास्कने निभावेल. तीन पदरी सुती ओढणी घामाने भिजून ओठांना चिकटते, श्वास घेताना ती आत खेचली जाते आणि नाकपुड्यांवर बसते. हे मी रोज समोर बघते. आणि ट्रेनिंग मास्क तर अडवण्यासाठीच बनवलेला आहे.

तुमची पोरं सुधारली ती सीझनभर नेमाने पळाली म्हणून. विस्कॉन्सिनच्या प्रयोगात बिनमास्कचा गटही सुधारलाच होता. शेजारी तसाच गट नसेल तर श्रेय मास्कचं की घामाचं हे कळणार कसं?

पोहणाऱ्यांचं वेगळं आहे. त्यांना पाण्यात श्वासाची वेळ निवडावीच लागते, म्हणून ते तसा सराव करतात. आणि श्वासाच्या स्नायूंना ताकद द्यायचीच असेल तर त्याची वेगळी पद्धत आहे. बसल्या जागी, अडथळ्याच्या छोट्या उपकरणातून मोजून तीसेक श्वास ओढायचे. त्याचा थोडा फायदा दिसलेला आहे. तो सराव पळताना करत नाहीत, म्हणून पायांचा वेग वाया जात नाही. कष्टाला माझा विरोध नाही हो. पोरीचे कष्ट पायात जावेत, कापडातून हवा ओढण्यात जाऊ नयेत, एवढंच.

लाल_माती

बसल्या जागी श्वासाचा सराव हे ऐकलं नव्हतं. ते करून बघायला हरकत नाही. पण पोरांना मी मास्क पूर्ण बंद करणार नाही, हलक्या दिवशी ठेवीन. पोरींच्या बाबतीत तुम्ही म्हणता तसं.

खाकी_वाट

मी शिपाई म्हणून लागले, वर्ध्याकडची. पट्ट्याबद्दल मला लिहायचंय, कारण ते कुणी बोलत नाही.

तयारीच्या वेळी मी दोन ब्रा एकावर एक घालून पळायची. आमच्या तालुक्याच्या बाजारात दुकानात पुरुष बसतो. स्पोर्ट्स ब्रा मागायची म्हटलं तर तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि मागितली तरी साइज दोनच. मग घट्ट ते चांगलं असं समजून घ्यायचं. पळून आल्यावर बरगड्यांच्या खाली बोटभर रुंद लाल वळ उठलेला असायचा, पाठीत हुकाचे ठसे. पहिली फेरी व्यवस्थित जायची. सहाशे मीटरच्या पुढे असं व्हायचं की हवा गळ्यापर्यंत येते आणि तिथेच अडते. छोटे छोटे श्वास, भराभर. सर ओरडायचे, 'दम नाही तुझ्यात.'

नंतर एका सीनियर ताईने मापं घ्यायला शिकवलं, तेच इथे देते. छातीखालचा पट्टा घातल्यावर दोन बोटं आरामात आत गेली पाहिजेत. मग दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवून पोटातून पूर्ण श्वास घ्यायचा. हात बाहेर सरकले पाहिजेत. सरकत नसतील तर पट्टा घट्ट आहे. आधार खांद्याच्या रुंद पट्ट्यांनी आणि कापडाच्या विणीने मिळतो, आवळून नाही. शक्यतो मागे हुक असलेली घ्या, म्हणजे ८०० च्या आधी एक हुक सैल करता येतो. गोळ्याला आणि शंभरला परत घट्ट केला तरी चालतो. उड्या मारून बघा, जागची हलू नये. आणि नवी घालून थेट भरतीला जाऊ नका, आधी पंधरा दिवस त्यातच पळा.

ऑनलाइन मागवताना छातीखालचं माप शिलाई टेपने घ्या, श्वास सोडून नाही, सहज श्वासात.

पांदणवाट

ताई, हे वाचून माझ्या सगळ्या पोरींना धागा पाठवला. याला मोजमापाचा आधारही आहे. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सराव असलेल्या ९ महिला धावपटूंना घट्ट, सैल आणि स्वतःच्या पसंतीच्या स्पोर्ट्स ब्रामध्ये पळवलं. छातीखालचा पट्टा सैल केल्यावर श्वास घेण्याचे कष्ट कमी झाले, श्वास जास्त खोल आणि कमी वेळा झाले, आणि त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन साधारण १.३ टक्क्यांनी घटला. ऐकायला थोडं वाटतं. ज्या परीक्षेत एका सेकंदाने गुणांचा टप्पा जातो तिथे ते थोडं नाही.

छोट्या भराभर श्वासांचं नुकसान कसं होतं तेही सांगते. प्रत्येक श्वासातली सव्वाशे मिलीच्या आसपास हवा नळ्यांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. मिनिटाला शंभर लिटर हवा दोन लिटरच्या ५० श्वासांत घेतली तर त्यातली सव्वासहा लिटर वाया. तीच शंभर लिटर सव्वा लिटरच्या ८० श्वासांत घेतली तर दहा लिटर वाया, आणि छाती तीस वेळा जास्त हलवावी लागली ती वेगळीच. बरगड्या बांधल्या की दुसरा प्रकार घडतो.

डॉ_ग्रामीण

ग्रामीण रुग्णालयात काम करतो. भरतीच्या मुली 'दम लागतो' म्हणून येतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ ची, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १२ असेल तर शंभर मिली रक्तात १६ मिली, ९ असेल तर १२ मिली. चौथा हिस्सा गेला. अशा मुलीला मास्क लावून दम वाढवायला सांगणं मला बघवत नाही. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, जंताचं औषध हवं, पाळी जास्त जात असेल तर त्याचा इलाज हवा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी पोरी फेकून देतात, ती खावी. गोळीसोबत चहा नको, लिंबूपाणी चालेल. आंबाडी, तीळ, गूळ खाल्लंच पाहिजे, पण ८ वर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या खाण्याने भरतीपर्यंत वर येत नाही.

दुसरं दम्याचं. सोयाबीनची मळणी, कापसाचे तंतू, चुलीत पऱ्हाटीचा धूर, यात वाढलेल्या काही मुलींना फक्त पळल्यावरच दमा होतो. खूण अशी की पळून थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत त्रास सर्वात जास्त होतो, खोकला येतो, श्वास सोडताना सूं सूं आवाज येतो. यावर औषध आहे, औषध घेऊन पळता येतं.

तिसरं फार कमी लोकांना माहीत आहे, आणि ते तरुण मुलींमध्येच जास्त दिसतं. पूर्ण वेगात असताना स्वरयंत्राची जागा आत ओढली जाऊन अरुंद होते. आवाज श्वास आत घेताना येतो, गळ्यात अडकल्यासारखं वाटतं, आणि थांबलं की काही मिनिटांत सगळं शांत. याला दम्याचा पंप लागू पडत नाही. पोरीला 'नाटक करते' म्हणतात. ते नाटक नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, श्वासाचे व्यायाम शिकवले जातात.

चौथं, आपल्या विदर्भाचं. सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा तांबड्या पेशींचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, सगळीकडे आहे. आजार असलेल्या, म्हणजे एसएस मुलीने अशी तयारी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. वाहक, म्हणजे एएस मुलगी एरवी ठणठणीत असते. पण उन्हात, पाणी न पिता, न थांबता जीव तोडून पळवलं तर क्वचित तिचे स्नायू अचानक ढिले पडतात, ती कोसळते आणि प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जातं. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात असे मृत्यू नोंदलेले आहेत. ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात. अशा मुलीचं तोंड बांधून तिला मेच्या उन्हात पळवणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. सोल्युबिलिटी टेस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून एएस की एसएस ते कळतं. भरतीच्या तयारीआधी प्रत्येक मुलीची व्हावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

योगिनी_वाशीम

मी योग शिकवते. मास्क नको हे मान्य. पण नाकानेच श्वास घेऊन पळावं, तोंड उघडूच नये, असं मी मुलींना सांगते. नाकाने हवा गाळली जाते, ओली आणि कोमट होते. २०१८ मध्ये कोलोरॅडोत धावपटूंवर प्रयोग झाला, नुसत्या नाकानेही त्यांना तेवढाच कमाल ऑक्सिजन घेता आला.

पांदणवाट

नाकाचे गुण खरेच आहेत, म्हणून वॉर्म-अप आणि संथ पळणं मीही नाकानेच करून घेते. धुळीच्या दिवसांत तर नक्की. पण त्या प्रयोगातले दहा धावपटू सहा महिने किंवा जास्त काळ नाकानेच पळायला सरावलेले होते. इतरांमध्ये हवेची गरज मिनिटाला ३५-४० लिटरच्या वर गेली की तोंड आपोआप उघडतं. ते शरीर बरोबरच करतं. दोन महिन्यांवर भरती असलेल्या पोरीला ८०० च्या दुसऱ्या फेरीत तोंड मिटायला लावू नका, एवढी विनंती. प्राणायाम सकाळी वेगळा करा, त्याने मन शांत राहतं आणि ग्राउंडवर सुरुवातीलाच श्वास उडत नाही, हे मी बघितलंय.

एक_मैत्रीण

पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्याच वेगाला जास्त धाप लागते. हे खरं असतं की मनाचे खेळ?

डॉ_ग्रामीण

खरं असतं. त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं आणि ते मेंदूला जास्त श्वास घ्यायला सांगतं. धाप जास्त जाणवते, पण म्हणून वेळ खराब येईलच असं नाही. घाबरून वेग कमी करू नका. मात्र पाळीत पॅड तासा-दोन तासाला बदलावं लागत असेल तर दवाखान्यात या.

मूलची_सावित्री

ताई, मास्क नाही, ओढणी नाही, मग दम वाढवायला करायचं काय ते तर सांगा! आमच्याकडे कोच नाही, आम्ही चौघी मिळून पळतो. दोघी वनरक्षकच्या ३ किलोमीटरची तयारी करताहेत.

पांदणवाट

२:५० म्हणजे दर २०० मीटरला साडेबेचाळीस सेकंद. ही चाल पायात बसवायची. आठवड्यात एक दिवस २०० मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या, प्रत्येक ४१-४२ सेकंदांत, मध्ये दीड-दोन मिनिटं चालत विश्रांती. आज ४८ लागत असतील तर ४८ पासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं कापत या. दुसऱ्या एका दिवशी ४०० च्या तीन-चार फेऱ्या, विश्रांती जास्त. एक दिवस चाळीस मिनिटं संथ, बोलता येईल अशा चालीने. एक दिवस चढ. बाकी दिवशी गोळा, शंभर, पोटपाठीचे व्यायाम, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. वनरक्षकवाल्या दोघींनी संथ पळण्याचे दिवस वाढवा आणि फेऱ्या ६०० ते १००० मीटरच्या घ्या. तोंड मोकळं, पट्टा सैल, खांदे खाली, श्वास सोडण्याकडे लक्ष. नीट सोडला की आत घ्यायचा विचारच करावा लागत नाही.

फेरी संपली की आपल्याकडचे सर लोक ओरडतात, 'वाकू नको, हात डोक्यावर घे.' २०१९ मध्ये अमेरिकेत वीस महिला फुटबॉलपटूंवर तपासलं. जोरदार फेऱ्यांनंतर गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्यांची नाडी डोक्यावर हात घेतलेल्यांपेक्षा लवकर खाली आली. तेव्हा पोरींना वाकू द्या. अर्धा मिनिट वाकून मग चालायला लागा, पटकन बसू नका.

एप्रिलपासून पावसापर्यंत वेगाच्या फेऱ्या उजाडतानाच आटपा. आपल्याकडे सकाळी आठला ऊन भाजतं.

बाभूळबन

ताई, डॉक्टरसाहेब, पोरीची तपासनी करून आनली. रक्त साडेदहा निंगालं. अन् सिकलसेलची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, पुढची बी केली, एएस लिहून आलं. घरात तवापासून रडारड सुरू हाये. तिची माय म्हनते भरती सोड. पोरगी जेवली नाई. तुमी सांगा, पोरगी पयन का नाई?

डॉ_ग्रामीण

दादा, पोरीला जेवायला बसवा. एएस म्हणजे आजार नाही, ती वाहक आहे. ती पळेल.

काही गोष्टी मात्र पक्क्या पाळा. ताप, जुलाब किंवा उलटी असेल त्या दिवशी पळायचं नाही. पळण्याआधी, मध्ये आणि नंतर पाणी, उन्हाळ्यात मीठ-साखर घालून. वेग हळूहळू वाढवायचा, लांब सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण जोर नाही. दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती पूर्ण घ्यायची. मांड्या, पाठ दुखायला लागली, पाय ढिले वाटले, तर तिथेच थांबायचं, 'अजून एक फेरी' नाही. सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं, पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर थेट दवाखाना, आणि तिथे पोचताच एएस आहे हे सांगायचं. कार्ड तिच्या बॅगेत ठेवा. भरतीच्या ठिकाणी वैद्यकीय पथक असतं, त्यांनाही आधी सांगा. दुपट्टा, मास्क यांपैकी काहीही वेगाच्या फेऱ्यांत तोंडावर नको, तिच्यासाठी तर अजिबात नाही.

रक्तासाठी गोळ्या आरोग्य केंद्रातून सुरू करा, महिन्याने परत तपासा. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. लग्नाच्या वेळी दोघंही वाहक नाहीत ना, तेवढं बघायचं. त्याची आज चिंता नको.

पांदणवाट

दादा, घाटंजीहून आमचं ग्राउंड लांब नाही. रविवारी तिला घेऊन या, आईलाही आणा. आमच्या बॅचमध्ये अजून एएस पोरी आहेत, त्यांच्या आया तुमच्या मंडळींशी बोलतील. ग्राउंडचा पत्ता संपर्कातून पाठवते. साडेपाचला सुरू होतं, पाण्याची बाटली दोन लिटरची आणा.